शाबानचा तिसावा दिवस

देरा, दुबई
रविवार, ८ नोव्हेंबर १९६४
रज्जबचा तिसरा दिवस

प्रिय मैमुना,

अस्सलाम आलेकुम. माझी पत्रं तू न फोडता फळीवर ठेवून देतेस, हे हमीदाने तिच्या नवऱ्याला लिहिलं आणि त्याने मला सांगितलं. ती सगळी तशीच राहू दे. हे एक मात्र फोड. यात माझं काही नाही, अन्वरीचं आहे.

परवा संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर आम्ही सगळे खोलीत होतो. खोलीत आपल्या बाजूचे आठ जण राहतात, तुझा जावई मुनीर त्यातलाच. त्याला निरोप आला की अन्वरी याही बोटीने निघाली नाही. ही तिसरी वेळ. पहिल्यांदा तू पाऊस संपू दे म्हणालीस, मग भात कापून होऊ दे म्हणालीस, आता म्हणे तिला ताप आहे.  तेवढ्यात राजापूरकडचा एक जण हसत म्हणाला, "अरे, निकाह नक्की झालाय ना तुझा? की बायको फोटोतच आहे?" बाकीचे हसले. मीसुद्धा थोडा हसलो असेन.

मुनीर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "रमझानचा चांद दिसायच्या आत अन्वरीचा पाय दुबईच्या जमिनीला लागला नाही, तर तिला माझ्याकडून तीन तलाक."

मी त्याच्या तोंडावर हात ठेवायला धावलो, पण शब्द माझ्या आधी पोचले होते.  मुनीर स्वतःच खाली बसला आणि पाणी मागू लागला. त्याच्या चेहऱ्यावर राग उरला नव्हता, नुसती भीती होती.

काल मी त्याला घेऊन मशिदीतल्या मौलवींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अट घालून दिलेला तलाक मागे घेता येत नाही, म्हणाले. चांदाच्या आत मुलगी उतरली तर काहीच झालं नाही, संसार करा. नाही उतरली तर खलास. रागात बोललो म्हणून भागत नाही, तलाक काही कोणी लाडात देत नाही.

मैमुना, तू तिला का अडवतेस ते मला ठाऊक आहे. अन्वरीचा बाप अलीमियाँ बसऱ्याच्या लाँचवर गेला तो आलाच नाही. आणखी कोणाला पाण्याला देणार नाही, हे तू मला तेव्हाच सांगितलं होतंस. मुनीरचं स्थळ मी आणलं, तर मी तुझ्या लेकीला समुद्राला विकलं असं तू चार बायकांत म्हणालीस. त्यावर मी वाद घालत नाही. पण आता ती समुद्राला भिऊन घरी राहिली, तर घरीच तिचं घर मोडेल.

तिला बोटीवर बसव. हमीदा इकडे नवऱ्याकडे यायची आहे, तिच्यासोबत पाठव. अजून रज्जब आहे, पुढे अख्खा शाबान आहे. वेळ आहे.

तुझा भाऊ
तय्यब


रास अल खोर
शुक्रवार, ११ डिसेंबर १९६४
शाबान

प्रिय मैमुना,

तुझं उत्तर आलं नाही. पण हमीदाने कळवलं की अन्वरीचं तिकीट काढलंय. तू काढू दिलंस. अल्लाह तुला याचं फळ देवो. बोट मुंबईहून नाताळच्या सुमारास सुटेल आणि नवीन वर्षाच्या पहिल्या तारखेला इथे लागेल, असं बोटीच्या ऑफिसात सांगतात. रमझानचा चांद तिसऱ्या किंवा चौथ्या तारखेला आहे. म्हणजे जेमतेम. यापेक्षा आधीची बोट मिळाली नाही का, हे मी तुला विचारणार नाही.

हे पत्र मी कँपवरून लिहितोय. दुबईची खाडी आत वळत जाऊन जिथे संपते, तिथे मोकळ्या वाळूत आमचे तीन तंबू आहेत. भरती-ओहोटीचं पाणी किती चढतं-उतरतं ते मोजायचं काम चाललंय. मी सामान सांभाळतो आणि साहेबाचं जेवण करतो. साहेब ग्रीक आहे, लेफ्तेरी नावाचा, माझ्याच वयाचा. त्याला थोडी हिंदुस्तानी येते, थोडी अरबी, मला थोडं इंग्रजी. आमचं भागतं. संध्याकाळी मी नमाज पढून येतो तोवर तो बाहेर खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसलेला असतो.

शाबानचा चांद झाला त्या दिवशी मी त्याला बोट करून दाखवला. त्याला दिसायला वेळ लागला, डोळे अधू आहेत. मग म्हणाला, आमचेही महिने पूर्वी असेच धरायचे. मला वाटलं होतं की चांदाचा महिना आपला, आणि थोडाफार गावातल्या हिंदूंचा. तो म्हणाला, येशूच्या आधी आमच्याकडे शंभर शहरं होती आणि शंभर शहरांचे महिने वेगळे. एकाच चांदाला इथे एक नाव, डोंगराच्या पलीकडे दुसरं. कुठे वर्ष उन्हाळ्यात सुरू, कुठे पावसाळ्याच्या तोंडाला. महिन्यांना नावं बहुतेक सणांची. अथेन्समध्ये लग्नाचा म्हणून एक महिना होता, गामेलिओन.

मला हसू आलं. मी त्याला म्हटलं, यात नवीन काय, आमच्या बायकांचं असंच आहे. शाळेच्या भिंतीवर महिन्याचं नाव सफर लिहिलेलं असतं, माझी बहीण त्याला तेरातेजी म्हणते. रबिलावलला बारावफात म्हणते. जिल्कादमध्ये सण नाही म्हणून त्याला 'खाली', म्हणजे रिकामा, म्हणते आणि त्यात लग्न काढू देत नाही. त्याला हे फार आवडलं. 'खाली' त्याने दोनदा म्हणून पाहिलं.

मग मी विचारलं की बारा चांदांचं वर्ष उन्हाच्या वर्षापेक्षा आखूड पडतं, त्याचं काय करायचे. मध्ये एक महिना पुन्हा घालायचे, म्हणाला, त्याच नावाचा दुसरा. आपल्या गावात गुरव अधिक महिना सांगायचा तसंच. मी त्याला सांगितलं की आमच्यात ते मना आहे. अरबस्तानात पूर्वी सरदार लोक महिने पुढे-मागे सरकवायचे, कारण हराम महिन्यात लढाई करता येत नाही. अल्लाहने ते बंद केलं. तेव्हापासून चांद जिथे जाईल तिथे आमचा महिना जातो, थंडीत जावो की उन्हात.

लेफ्तेरी गंभीर झाला. म्हणाला, आमच्या सरदारांना कोणी बंद केलं नाही. आणि त्याने आर्गोस नावाच्या एका शहराची गोष्ट सांगितली. कार्नेइओस नावाच्या महिन्यात त्यांना लढाई वर्ज्य होती. आणि त्यांना तर शेजारच्या एपिदाव्रोसवर चाल करून जायचं होतं. ते आदल्या महिन्याच्या शेवटाला चार दिवस राहिले असता निघाले आणि रोज सकाळी उठून म्हणायचे, आज तीच तारीख आहे. लुटालूट होईपर्यंत त्यांनी तो एकच दिवस चालू ठेवला. पुढचा महिना उंबऱ्यावर उभा, आणि हे त्याला आत घेत नाहीत.

"आणि चांद?" मी विचारलं.

"चांद वाढतच असणार," तो म्हणाला. "त्याला कोण विचारतो?"

अथेन्समध्ये पुढे असा घोळ झाला की दगडांवर दोन-दोन तारखा कोरायचे, म्हणे. एक अधिकाऱ्याची आणि एक देवाची. ते ऐकून मला झोप लागेना. देवाच्या तारखेशेजारी आपली तारीख कोरणाऱ्याचा हात कसा चालला असेल?

त्याचं स्वतःचंही काही आहे. त्याच्या देशात सरकारने चाळीस वर्षांपूर्वी तारखा तेरा दिवसांनी पुढे नेल्या. त्याची आई आणि भाऊ जुन्याच तारखांना चिकटून राहिले. त्यांचा नाताळ अजूनही जानेवारीत येतो. भाऊ याला धर्म सोडलेला म्हणतो. बारा वर्षं दोघे बोलले नाहीत.

आपल्याला तीनच झाली, मैमुना.

तय्यब


देरा, दुबई
शनिवार, २ जानेवारी १९६५
शाबान

प्रिय मैमुना,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. तरी लिहितो. कोणाशी तरी बोलायला हवं.

बोट आली नाही. काल यायची होती. मस्कतला सामान उतरवायला उशीर झाला म्हणतात. आज सकाळी मुनीर आणि मी बोटीच्या ऑफिसात गेलो. तिथला मल्याळी कारकून म्हणाला, उद्या नक्की. मुनीरने विचारलं, उद्या किती वाजता? कारकून म्हणाला, "समुद्राला विचारा." मुनीर त्याच्या अंगावर जायला निघाला, मी त्याला बाहेर ओढलं.

कालपासून शमाल सुटलाय. उत्तरेचा वारा आहे, आपल्याकडच्या वावटळीसारखा एका जागी फिरत नाही, नुसता ढकलत राहतो, आणि खुल्या समुद्रात लाटा उभ्या राहतात. बोट इथे धक्क्याला लागत नाही, दूर नांगर टाकते आणि लाँच जाऊन माणसं उतरवून आणतात. वारा असला की लाँचवाले जात नाहीत.

उद्या एकोणतीस शाबान. उद्या चांद दिसला तर परवा रमझान. नाही दिसला तर शाबानचे तीस पुरे होतील, आणि परवा संध्याकाळपर्यंत आपल्याला वेळ मिळेल. सगळं त्या एका दिवसावर आलंय.

मुनीर पुन्हा मौलवींकडे जाऊन आला. काजी जाहीर करतील तो चांद, असं ते म्हणाले. काजींच्या मजलिसीत रात्रीच्या इशाच्या नमाजापर्यंत कोणी भरवशाचा माणूस आला आणि मी पाहिला म्हणाला, तर किल्ल्यावरून तोफा होतील. एकच गवाह पुरतो. कोणीच आलं नाही तर तीस.

संध्याकाळी मुनीर माझ्याजवळ येऊन बसला. दोन महिन्यांत पोराचे गाल बसलेत. त्याने अन्वरीसाठी सत्व्यात एक खोली घेतलीय, खजुराच्या झापांची, आत नवी चटई, स्टोव्ह, आरसासुद्धा.  मग म्हणाला, "मामू, गेल्या साली ईदचा चांद तुम्हीच पहिला पाहिला होता ना? आणि त्याच्या आदल्या साली?"

मी हो म्हटलं. तुला ठाऊकच आहे, मला लहानपणापासून दिसतो. बाबा मला खांद्यावर घेऊन साखरतरच्या खाडीवर न्यायचे. इथेही काजींचा माणूस मला ओळखतो.

"उद्या नका बघू," मुनीर म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे तंबूत बसा. स्वयंपाक करा. खोटं बोला म्हणत नाही मी. ज्याने पाहिलं नाही त्याच्यावर काही गुन्हा नाही ना, मामू? अख्ख्या गावात तुमच्यासारखे डोळे कोणाला आहेत? ढग आहेत, धूळ आहे. तुम्ही वर बघितलं नाहीत तर कोणालाच दिसणार नाही."

 तू असतीस तर काय म्हणाली असतीस? तुझी मुलगी त्या बोटीत आहे.

उद्या मला कँपवर जायचंच आहे. साहेबाला वाऱ्यातलं पाणी मोजायचंय.

तय्यब


देरा, दुबई
सोमवार, ४ जानेवारी १९६५, सकाळी

प्रिय मैमुना,

घाईत लिहितोय. बोट काल दुपारीच आली. असरच्या नमाजानंतर किनाऱ्यावरून धूर दिसत होता, असं लोक सांगतात. पण लाँच गेल्या नाहीत. अन्वरी रात्रभर बोटीवर राहिली. आता वारा पडलाय, आणि पहिली लाँच गेलीसुद्धा. मुनीर पहाटेपासून धक्क्यावर उभा आहे.

काल चांद झाला नाही, असं ठरलं. काजींकडे कोणी गवाह आला नाही. तोफा झाल्या नाहीत. आज शाबानचा तिसावा दिवस धरलाय. आपल्या खोलीतल्या लोकांनी मुनीरला खांद्यावर घेतलं. राजापूरवाल्याने सर्वांना चहा पाजला.

हमीदाच्या नवऱ्याच्या घरी सगळ्यांचं जेवण आहे. मला भूक नाही.

तू आता काळजी करू नकोस.

तय्यब


देरा, दुबई
बुधवार, २० जानेवारी १९६५
सतरावा रोजा

मैमुना,

मागचं पत्र फाडून टाक. त्यात एकही शब्द खोटा नाही, आणि तरी ते खोटं आहे. काय झालं ते आता नीट सांगतो. तुला इतर कोणाकडून कळलं असेल, तरी माझ्याकडूनही कळू दे.

त्या रविवारी मी तंबूत बसलो होतो. मुनीरने सांगितलं होतं तसाच. चपात्या लाटत होतो, पाठ पश्चिमेकडे. सूर्य बुडायच्या वेळी मला राहवेना. मला वाटलं, न बघणं हेसुद्धा बघण्यासारखंच आहे. मी कोणाला फसवतोय? वर ढग दाट होते. म्हटलं, बाहेर जाऊन एकदा ढग बघू आणि मनाला सांगू, झालं, दिसत नाही. मी बाहेर आलो. आणि खाली, क्षितिजाजवळ, ढगाला एक फट होती. त्या फटीत चांद होता. नखाची कड कापून टाकावी तेवढा. मी डोळे मिटून पुन्हा उघडले. होताच. मग फट बुजली.

लेफ्तेरी खुर्चीत बसला होता. त्याला काही दिसलं नाही, पण त्याने माझा चेहरा पाहिला. बोटीचं आणि तलाकचं मी त्याला सगळं सांगितलेलं होतं.

"तू पाहिलास," तो म्हणाला.

"ढग आहेत," मी म्हटलं.

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "तय्यब, मी तुला आर्गोसची गोष्ट सांगितली ती हसण्यासाठी. वापरण्यासाठी नाही." एवढं बोलून तो उठला आणि जीप काढायला गेला.

देऱ्याला पोचलो तेव्हा इशाची अजान व्हायची होती. मशिदीच्या दाराशी काजींचा माणूस उभा होता. त्याने हाक मारली, "तय्यब, रास अल खोरला काही दिसलं?" त्याच्या मागे मुनीर होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या चपलांकडे बघत होता. मी म्हटलं, ढग होते. हे खरं होतं. ढग होतेच.

माणूस गेला. मुनीरने माझा हात धरून डोळ्यांना लावला. साऱ्या गावाचा महिना मी तोंडात दाबून धरला होता, आणि तो पोरगा माझे हात डोळ्यांना लावत होता.

ज्याने चांद पाहिला त्याच्यावर रोजा आहे, गाव धरो न धरो. तेवढं मला चुकवता येईना. पहाटे मी पाणी पिऊन रोज्याची नियत केली, कोणाला न सांगता. मग तुला ते पत्र लिहिलं.

पहिल्या लाँचमधून अन्वरी उतरली. बारीक झालीय, पण सरळ चालत आली. मुनीर पुढे झाला तर तिने सलाम केला आणि हमीदाच्या बाजूला राहिली. मला वाटलं लाजली. हमीदाच्या घरी आम्ही पुरुष बाहेरच्या खोलीत बसलो. मटण होतं, सांदणं होती, मुनीरने मस्कती हलवा आणला होता. मी ताट पुढ्यात घेऊन बोटांनी भात इकडून तिकडे करत होतो. राजापूरवाला म्हणाला, "मामूंचं भाचीच्या आनंदानेच पोट भरलं." मी हसलो.

तेवढ्यात आतून हमीदाचा आवाज आला. अन्वरीला ती दटावत होती की दोन दिवस बोटीत काही खाल्लं नाहीस, एक घास तरी घे. अन्वरी नको म्हणाली. मग हमीदा दारात येऊन म्हणाली, "तय्यबभाई, तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकेल."

मी आत गेलो. ती चुलीजवळ बसली होती. तिच्यापुढेही भरलेलं ताट होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कोरड्या ओठांकडे पाहिलं, आणि मला कळलं. तिलाही कळलं.

हमीदा बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "मामू, तुमचाही रोजा आहे."

मी मान हलवली.

"मी डेकवरून पाहिला," ती म्हणाली. "उलट्या होत होत्या म्हणून कठड्याशी उभी होते. समोर दुबईचे दिवे दिसत होते. लाँच येते का बघत होते, पश्चिमेला वळले तर चांद दिसला. मी हमीदाचाचीला पण सांगितलं नाही. रात्रभर वाटलं, मलाच दिसला असेल तर? मग मनाशी म्हटलं, मला एकटीला दिसला तरी दिसला ना."

मी तिला मौलवींचं बोलणं सांगितलं, की काजी जाहीर करतील तो चांद. काजींनी तीस धरलेत, तुझ्या नवऱ्याची अट मोडलेली नाही, तुझं घर शाबूत आहे, गप्प राहिलीस तर तुला कोणी विचारणार नाही. मैमुना, मी खरंच हे सगळं बोललो. पन्नाशीला आलेला, पाच वेळचा नमाजी माणूस त्या मुलीपुढे बसून तिला आर्गोसच्या लोकांसारखं बोलत होता.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "काजींना दिसला नाही म्हणून त्यांचा शाबान आहे. माझा नाही. मी त्या खोलीत कशी राहू? रोज यांच्या शेजारी झोपताना मला तो चांद दिसेल."

मग रडली. फार नाही. मी चांदाला बोल लावू लागलो, की तासभर ढग टिकले असते तर. तेव्हा तिने पदराने तोंड पुसलं.

"चांदाला का बोल लावता, मामू? तो त्याच्या वेळेला आला. तलाक त्याने नाही दिला. दोन महिने तुम्ही सगळे आभाळाकडे बघत बसलात. आई तिथे, तुम्ही इथे, हे पण. मला कोणी विचारलं का की तुला काय वाटतं? ज्याने असं बोलावं त्याच्या घरी तुला यायचंय का?"

"तुला यायचं नव्हतं?"

"यायचं होतं. म्हणून तर आले." मग म्हणाली, "आता तुम्ही काजींकडे जा. मी सांगितलं तर बाईची गवाही म्हणून धरणार नाहीत, आणि म्हणतील, नवरा नको म्हणून बनवतेय. तुमचं धरतील."

मी बाहेर आलो. मुनीर हलवा कापत होता. मी त्याला तिथे काही सांगितलं नाही, सरळ काजींकडे गेलो. काजी म्हातारे आहेत, त्यांनी मला दोनदा सगळं सांगायला लावलं. मग विचारलं, काल का नाही बोललास? मी कारण सांगितलं. त्यांनी रागावून हात उगारला असता तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तू एका गावाला रोजा खायला लावलास." दुपारी तोफा झाल्या. लोकांनी हातातले घास खाली ठेवले, आणि आता सर्वांना ईदनंतर एक रोजा भरून द्यावा लागेल. बाजारातून जाताना लोक मला सलाम करतात पण थांबत नाहीत. काजींचा माणूस म्हणाला की पुढच्या चांदाला मला यायची तसदी नको.

खोलीतल्या लोकांनी माझा बिछाना बाहेर ठेवला. लेफ्तेरी साहेबाने कँपवर ये म्हटलं, पण अन्वरीला तिथे कसं ठेवू? मी देऱ्यातच हमीदाच्या मागे एक खोली घेतली. तलाक लागू झाला, म्हणून अन्वरी इद्दतीला, तीन महिने थांबायला, तिथे आहे. मी बाहेरच्या ओसरीवर झोपतो.

लोक सुचवायला येतात. तिचा एका म्हाताऱ्याशी निकाह लावा, तो तलाक देईल, मग मुनीरला ती पुन्हा हलाल होईल. असा एक म्हातारासुद्धा शोधून ठेवलाय. मी अन्वरीला विचारलं. यावेळी मी आधी तिलाच विचारलं. ती म्हणाली, मी सोंगटी नाही.

काल संध्याकाळी मुनीर आला. त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नव्हता. फक्त एकदा धक्क्यावर भेटला तेव्हा म्हणाला होता, "मामू, तुमचं काय जात होतं?" काल तो दाराबाहेर उभा राहिला. म्हणाला, एकदाच बोलू द्या, पडद्यातून. मी अन्वरीला विचारलं, ती हो म्हणाली.

"मी रागात बोललो होतो," मुनीर पडद्याकडे बघून म्हणाला.

आतून पडदा हलला. मग ती म्हणाली, "मी पण बोटीवर रागातच चढले. मस्कतपर्यंत राग गेला. तुम्ही माझ्यासाठी आरसा घेतलाय असं मामूंनी लिहिलं असतं तर आणखी आधी गेला असता. पण तुम्हाला राग आला तेव्हा तुम्ही मला हाक नाही मारलीत. आठ माणसांना हाक मारलीत."

तो तसाच उभा राहिला. आणि तेवढ्यात मगरिबची अजान झाली. मी आतून खजूर आणि पाण्याचा तांब्या आणला. दारात उभ्या असलेल्या रोजेदाराला तसंच कसं पाठवायचं? त्याने उकिडवं बसून एक खजूर खाल्ला, पाणी प्याला, तांब्या पुसून माझ्या हातात दिला आणि गेला. गल्लीच्या वळणापर्यंत त्याने मागे पाहिलं नाही.

आत गेलो तर अन्वरी पडद्याजवळच बसली होती, पुढ्यात बशी. अजान होऊन बराच वेळ झाला होता. तिने काही तोंडाला लावलं नव्हतं.

"गेले?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

मग तिने आपला रोजा सोडला.

मैमुना, तिला परत बोलावायचं की इथे राहू द्यायचं, हे तू मला लिहू नकोस. तिला लिही. पाकिटावर तिचंच नाव घाल.

तय्यब